रेषेपुढे एक सेंटिमीटर पाय, अन् शिक्षा तीन पदरी! नो-बॉलचा नियम गोलंदाजावर अन्याय करतो का?

३१ मार्च २०१६, वानखेडे स्टेडियम. टी-२० वर्ल्ड कपची सेमीफायनल. भारताच्या १९२ धावा, त्यात आपल्या संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेच्या ४०. वेस्ट इंडिजचा लेंडल सिमन्स १८ वर असताना अश्विनच्या चेंडूवर झेलबाद झाला. पण तो नो-बॉल होता. पुढे ५० वर असताना हार्दिक पंड्याच्या चेंडूवर पुन्हा झेल गेला, आणि पुन्हा नो-बॉल. सिमन्सने नाबाद ८२ केल्या आणि भारत घरच्या मैदानावर स्पर्धेबाहेर गेला.

तेव्हा सगळा राग गोलंदाजांवर निघाला. चूक होतीच. पण त्या चुकीला नियमाने लावलेली किंमत बरोबर आहे का, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

आधी नियम समजून घ्या

चेंडू टाकताना पुढचा पाय जिथे पडतो, तिथे टाचेचा निदान थोडा भाग पॉपिंग क्रीजच्या मागे हवा. तो हवेत असला तरी चालतो. ही रेषा यष्टींपासून चार फुटांवर असते. पाय पूर्ण पुढे गेला की नो-बॉल. मग समोरच्या संघाला एक धाव मिळते, चेंडू पुन्हा टाकावा लागतो, आणि वनडे किंवा टी-२० असेल तर पुढचा चेंडू फ्री हिट. नो-बॉल आणि फ्री हिट, दोन्हींवर फलंदाज झेलबाद, त्रिफळाचीत किंवा पायचीत होत नाही. व्यवहारात उरतो तो फक्त रनआऊट.

आता थोडे गणित. (इंजिनीअरिंगची चार वर्षे कुठेतरी कामाला यायला हवीत.) दोन्ही टोकांच्या क्रीजमधले अंतर सुमारे १७.७ मीटर. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. गोलंदाजाचा पाय एक सेंटिमीटर पुढे पडला, तर चेंडू फलंदाजाकडे सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका लवकर पोहोचतो. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे गोलंदाजाचा फायदा शून्य.

आणि दंड? षटकाला नऊ धावांचा वेग धरला तर एका चेंडूची किंमत दीड धाव. जादा चेंडूचे दीड आणि नो-बॉलची एक, असे अडीच इथेच झाले. त्यात तो जादा चेंडू बाद होण्याची भीती नसलेला. विकेट गेलेली असेल तर तीही परत. पाय एक सेंटिमीटर पुढे असो की एक फूट, बिल तेवढेच.

ही शिक्षा कायम अशी नव्हती. श्रीरामपूरच्या झहीर खानचे २००३ च्या वर्ल्ड कप फायनलमधले पहिले षटक आठवते का? १५ धावा गेल्या होत्या. पण तेव्हा वनडेत फ्री हिट नव्हती, नो-बॉलची किंमत एक धाव आणि एक जादा चेंडू एवढीच होती. वनडेत फ्री हिट आली ती २००७ मध्ये, फक्त पाय पुढे गेल्याबद्दल. २०११ च्या फायनलमध्ये याच झहीरने सुरुवातीची सलग तीन षटके निर्धाव टाकली, तीही फ्री हिटच्या जमान्यात. त्यामुळे ‘शिस्त असेल तर नियमाची भीती कशाला’ हा युक्तिवाद मला अर्धा तरी मान्य आहे. फिरकीपटूच्या नो-बॉलला तर माझ्याकडे सहानुभूती नाही. चार पावलांच्या रनअपमध्ये रेषा सापडत नसेल तर दंड भरा.

खरा घोळ २०१५ नंतरचा

जुलै २०१५ पासून प्रत्येक प्रकारच्या नो-बॉलवर फ्री हिट सुरू झाली. कमरेच्या वरचा फुलटॉसही त्यात आला. हा चेंडू धोकादायक आहे, त्यामुळे नो-बॉल द्यायलाच हवा. पण रात्रीच्या सामन्यात दव पडते, चेंडू साबणासारखा होतो, यॉर्कर टाकायला जावे तर हातातून सटकतो. पाय कुठे ठेवायचा हे गोलंदाजाच्या ताब्यात असते, दव नसते. तरी दोन्हींना शिक्षा एकच.

२३ ऑक्टोबर २०२२, मेलबर्न. शेवटच्या षटकात भारताला ३ चेंडूंत १३ हव्या होत्या. पाकिस्तानच्या नवाझचा फुलटॉस कोहलीने सिक्सरला मारला आणि पंचांनी कमरेवरचा नो-बॉल दिला. नंतर एक वाइड. मग फ्री हिटवर नवाझने कोहलीच्या यष्ट्या उडवल्या, आणि यष्टीला लागून गेलेल्या चेंडूवर आपण तीन धावा पळून काढल्या! एका चेंडूच्या जागी ११ धावा. आपण सगळे नाचलो. पण जरा नवाझच्या जागी उभे राहून बघा. यष्ट्या उडवल्याबद्दल गोलंदाजालाच दंड बसला. फ्री हिटवर फलंदाज बाद नसेल तर नसू दे, पण चेंडू यष्टीला लागला की तो तिथेच ‘डेड’ धरायला काय हरकत आहे?

फलंदाजाच्या रेषेचे काय, हाही प्रश्न आहे. नॉन-स्ट्रायकर चेंडू सुटायच्या आधी दोन पावले पुढे निघतो, तो सेंटिमीटरचा नाही, मीटरचा फायदा. त्याला धावांचा दंड नाही. गोलंदाजाने रनआऊट केले तरच काय ते, आणि मग खिलाडूवृत्तीची चर्चा गोलंदाजाबद्दलच. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियमावलीने ही गोष्ट ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या रनआऊटमध्ये टाकली, पण टोमणे थांबलेले नाहीत. उलट बुमराहचे बघा. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये त्याच्या नो-बॉलवर फखर झमान ३ धावांवर वाचला आणि ११४ करून गेला. काही दिवसांत जयपूर ट्रॅफिक पोलिसांनी बुमराहचा तोच फोटो ‘रेषा ओलांडू नका’च्या फलकावर लावला. तो चिडला, आणि ते बरोबरच होते.

तंत्रज्ञानाने एक अन्याय मात्र कमी केला. पूर्वी पंच विकेट पडल्यावरच पाय तपासायचे. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत बेन स्टोक्सने वॉर्नरला १७ वर त्रिफळाचीत केले. तो नो-बॉल निघाला. नंतर कळले की त्याच षटकातले आधीचे तीन चेंडूही नो-बॉल होते, पंचांनी सांगितलेच नव्हते. प्रत्येक चेंडूचा पाय बघणारी यंत्रणा त्या सामन्यात बंद होती. वॉर्नरने ९४ केल्या. पहिल्याच चेंडूला हाक मिळाली असती, तर स्टोक्सने रनअप सहा इंच मागे घेतला असता. आता मोठ्या सामन्यांत तिसरे पंच दर चेंडूला पाय बघतात, आणि आयपीएलमध्ये २०२३ पासून वाइड आणि कमरेवरच्या नो-बॉलवरही रिव्ह्यू घेता येतो.

आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत मात्र ना कॅमेरा, ना रिव्ह्यू. फक्कीने आखलेली क्रीज दहा षटकांत पुसली जाते, पंच बऱ्याचदा बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा असतो, आणि फ्री हिट मात्र टीव्हीवर बघून जशीच्या तशी उचललेली. शेवटच्या षटकात आठ हव्या असताना आलेल्या ‘नो’वरून किती फायनल भांडणात संपल्या, हे राहुरी-नेवाश्याकडे खेळलेल्या कुणालाही विचारा. अशा मैदानांवर आयोजकांनी फ्री हिट सरळ बंद करावी आणि एक धाव, एक जादा चेंडू हा जुना दंड ठेवावा. कसोटी क्रिकेट आजही तेवढ्यावरच चालते. दर पाच षटकांनी क्रीजवर नव्याने फक्की मारायला एक मिनिटही लागत नाही.