न शिकविता मिळणारे ज्ञान

रहिमतपूरच्या शिवारात सायंकाळी औत सुटले की बैल आपण होऊन घराची वाट धरतात. ती वाट त्यांना कोणी शिकविलेली नसते. रोजच्या येण्याजाण्याने ती अंगवळणी पडलेली असते. जे पुनःपुन्हा घडते त्यातील क्रम ओळखणे हा जीवमात्राचा धर्मच होय. आठ महिन्यांची बालके अर्थहीन अक्षरांची अखंड मालिका केवळ दोन मिनिटे ऐकून, कोणती अक्षरे नेहमी जोडीने येतात हे ओळखतात, असे १९९६ साली अमेरिकेतील प्रयोगात दिसून आले.

हीच शक्ती शेतकऱ्याच्या शत्रूंनाही लाभलेली आहे, याचा मात्र विसर पडतो. उंदीर नवे खाद्य प्रथम थोडेसे चाखतो. त्याने तो आजारी पडला व वाचला, तर ती चव तो पुढे टाळतो. १९५५ साली जॉन गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात, गोड पाणी पिताना किरणोत्साराने आजारी झालेले उंदीर नंतर त्या गोडीपासून दूर राहिले. असे असता पहिल्याच दिवशी विषारी आमिष टाकून मोकळे होणे म्हणजे उंदरास मारणे नव्हे, शहाणे करणे होय. आणि दोष मात्र औषधाला दिला जातो.

यास्तव झिंक फॉस्फाईड वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस धान्याचा भरडा व गोडेतेल यांचे बिनविषारी आमिष ठेवावे. उंदीर ते निर्धास्तपणे खाऊ लागल्यावरच त्यात शेकडा २ या प्रमाणात विष मिसळावे. हातमोजे वापरावेत, मुले व जनावरे दूर ठेवावीत आणि उरलेले आमिष व मेलेले उंदीर खोल पुरावेत. बुजगावण्याचेही तसेच आहे. एकाच जागी उभ्या असलेल्या बुजगावण्याला पाखरे लवकरच ओळखतात. त्याची जागा वरचेवर बदलावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही यापासून बोध घ्यावा. शेतकरी व्याख्यानापेक्षा बांधापलीकडचे पीक पाहून अधिक शिकतो. परंतु डोळ्यांना दिसलेला प्रत्येक क्रम खरा असतोच असे नाही. ज्या वर्षी उसाला जादा खत दिले त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, तर सारे श्रेय खताला जाते व पुढे खर्च व्यर्थ होतो. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वाफ्याशेजारी जुन्या पद्धतीचा वाफाही अवश्य राखावा व दोन्हींचे उत्पन्न शेतकऱ्यांसमक्ष मोजावे. अनुभवाने उंदीरही शिकतो. त्या अनुभवाची पारख करणे हे माणसाचे काम आहे.