गाढवाचे वाचन आणि आपले वाचन

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'स्ट्रिकर' या नावाने ओळखला जाणारा एक जर्मन कवी होऊन गेला. त्याच्या विनोदी कथांचा नायक आमिस हा इंग्लंडमधील एक उदार धर्मगुरू. त्याच्या पाहुणचाराचा हेवा वाटून महागुरू आज्ञा करतात : या गाढवाला वाचायला शिकव. आमिस तीस वर्षांची मुदत मागून घेतो आणि पोथीच्या पानापानांत दाणे पेरतो. गाढव पाने उलटू लागते. परीक्षेच्या वेळी नव्या पोथीत दाणे सापडत नाहीत, तेव्हा ते ओरडते. आमिस शांतपणे सांगतो, एक अक्षर तर त्याला आले! पुढे हाच आमिस खोटे पवित्र अवशेष दाखवून धन जमवतो आणि अखेरीस मठाधिपती होतो.

धर्मगुरूची अशी थट्टा ख्रिस्ती घरात कशाला, असे काही वाचकबंधू विचारतात. आम्ही उलट विचारतो : ही थट्टा ऐकणारे कोण होते? श्रद्धावंतच ना? खोट्या अवशेषांना हसणारा संतांना हसत नाही. बाजार मांडणाऱ्याला हसतो. अशा कथा वगळून केवळ गोड बोधकथा निवडणे म्हणजे आपल्याच घराचा अर्धा इतिहास पुसणे होय.

आणि जर्मनी दूर वाटत असेल, तर छत्रपती संभाजीनगरपासून पैठण किती दूर आहे? त्याच तेराव्या शतकात श्रीचक्रधर या परिसरात वावरले. त्यांनी सांगितलेले दृष्टांत केशिराजांनी 'दृष्टांतपाठा'त ग्रथित केले. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट प्रवचनांतून कितीदा ऐकू येते. पण ती त्या ग्रंथातही आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तिथे आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, असा तिहेरी बांधा आहे. प्रवचनकार त्यातला मधला तुकडा तेवढा उचलतो आणि त्याला आपल्या सोयीचे तात्पर्य चिकटवतो. ही कथेची सेवा नव्हे, लूट आहे!

'ते महानुभावांचे, आपल्याला काय?' हा युक्तिवाद तर आम्हांला मुळीच पटत नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ओवी आपली मानली, म्हणून १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. अलीकडे शं. गो. तुळपुळे यांच्यासह अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने प्राचीन मराठीचा कोश सिद्ध केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. परक्यांनी एवढे कष्ट घ्यावेत आणि मराठवाड्यातल्या आपल्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत 'दृष्टांतपाठा'ची एक प्रतही नसावी? येत्या वर्षी ती आधी विकत घ्या. बोधकथांचा आणखी एक संग्रह नंतर घेता येईल.