तीन हजारांचं कानाचं मशीन

‘कानाचं मशीन कोणत्या कंपनीचं घ्यावं?’ आमच्या अंबाजोगाईत हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी विचारतं. मी डॉक्टर नाही. माझे मामू गेली सात वर्षं मशीन लावतात आणि त्यांच्यासोबत दवाखाने-दुकानं मीच हिंडलो, एवढीच माझी पात्रता. २०२४ पासून हा प्रश्न वाढला आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांच्या पुढच्या, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनं घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर मिळतात. चष्मा, काठी यांच्यासोबत त्या यादीत श्रवणयंत्रही आहे. पैसे आले की नातू मोबाइल काढतो आणि पाच-सातशेचं मशीन मागवतो. उरलेले पैसे घरात खर्च होतात.

माझं मत स्पष्ट आहे. ते पाच-सातशेचं मशीन घेऊ नका. ते फक्त आवाज वाढवतं, आणि सगळाच वाढवतं: पंखा, भांडी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्याचं खोकणं. वय झालं की बहुधा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आ, ओ, ऊ ऐकू येतात. स, श, फ, थ निसटतात. ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘आवाज येतो, पण समजत नाही.’ आपण मग ओरडतो, आणि ओरडण्यानं स्वरच मोठे होतात, हरवलेला ‘स’ काही सापडत नाही. चांगलं डिजिटल मशीन तपासणीचा आलेख बघून, जो आवाज जितका कमी ऐकू येतो तितकाच वाढवायला लावता येतं. शिवाय फार मोठा आवाज ते मध्येच थोपवतं. स्वस्त मशीनमध्ये तो बांध असेलच याची खात्री नसते, आणि उरलेल्या ऐकण्यालाही त्यानं इजा होऊ शकते.

खिशातल्या डबीच्या, वायरवाल्या जुन्या मशीनला मात्र लोक उगाच हसतात. त्याचा माइक छातीवर असतो, सदऱ्याचं घासणं त्यात ऐकू येतं, सगळ्यांना दिसतं, हे खरं. पण त्याची बटणं मोठी असतात, हात थरथरत असले तरी फिरवता येतात, आणि त्यात पेन्सिल सेल चालतो, जो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो. खेड्यात एकट्या राहणाऱ्या, ऐकणं बरंच गेलेल्या माणसासाठी मी आजही त्याचा विचार करीन.

कानामागच्या मशीनचं गणित वेगळं. नामांकित परदेशी कंपन्यांची किंमत एका कानाला लाखाच्याही पुढे जाते. भारतीय कंपन्यांची साधी यंत्रं काही हजारांत येतात. कानपूरच्या एलिम्को या सरकारी निगमाची यंत्रं केंद्राच्या योजनांतून, शिबिरांतून मोफत वाटली जातात. साध्या घरगुती बोलण्यासाठी यातलं साधं यंत्रही पुरतं, असं माझं मत. फरक पडतो तो कानात बसणाऱ्या साच्यानं. मामूंना पहिलं मशीन एका शिबिरात मिळालं. त्यासोबत तयार मापाची रबरी गुंडी होती. ती कानात सैल बसायची, आवाज बाहेर गळायचा, तो पुन्हा माइकमध्ये जायचा आणि मशीन शिट्टी मारायचं. जमातीत शिट्टी वाजली की आजूबाजूचे वळून बघायचे. दोन महिन्यांत मशीन कपाटात गेलं. पुढे त्यांच्याच कानाचं माप घेऊन साचा करून घेतला आणि तेच मशीन चालू लागलं.

आपल्या घरांसाठी आणखी काही गोष्टी, ज्या दुकानदार सांगत नाहीत. वजूच्या आधी मशीन काढावं आणि कान पूर्ण कोरडा झाल्यावरच लावावं. ओल आणि घाम हे त्याचे शत्रू. टोपी कानावर घट्ट आली तर चांगलं मशीनही शिट्टी देतं. ओढणी किंवा नकाब माइकवर घासला की खरखर येते, म्हणून बायकांनी मशीन बघताना रोजची ओढणी डोक्यावर घेऊनच बघावं. मशिदीतल्या लाउडस्पीकरचा घुमणारा खुतबा मशीन लावूनही नीट कळत नाही. इमामसाहेबांच्या जवळ, पुढच्या सफेत बसणं हाच उपाय.

बायकांचं निघालंच आहे तर सांगतो. अब्बांचं बहिरेपण बाजारात, मशिदीत चारचौघांना कळतं आणि पोरं धावाधाव करतात. अम्मीला ऐकू येत नाही तेव्हा ‘तिचं लक्षच नसतं’ म्हणतात. मला विचारायला येणाऱ्यांत आईसाठी विचारणारा क्वचितच असतो.

कायद्याचीही एक गंमत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारा’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऐकणं गेलेला. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. ५० डेसिबल गेलेल्या माणसाची रोज फजिती होते, पण या व्याख्येत तो बसत नाही. वयोश्रीचे ३,००० त्याला मिळू शकतात, हे त्या योजनेचं मोठेपण मी मानतो. तक्रार इतकीच की पैसे येतात, तपासणी येत नाही.

आणि तपासणीची जागा दूर नाही. ज्या गावाला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत, तिथे आज स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं आहे, आणि तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. कान वाहत असेल किंवा मळ अडकला असेल तर मशीनचा विचार त्यानंतर. कित्येकांचं काम मळ काढूनच भागतं. अवघड केस असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. ज्यांचं नाव तिला आहे ते यावर जंग हैदराबादचे, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. पण तिथे जायचं म्हणजे एका रात्रीचा प्रवास, आणि पहिल्याच पायरीला त्याची गरज नाही.

तेव्हा आधी आलेख काढून घ्या. मग दुकानात तीन गोष्टी विचारा: माझ्या कानाचं माप घेणार का, आलेख बघून मशीन लावून देणार का, आणि सेल कोणता? कानामागच्या बऱ्याच मशीनना झिंक-एअर सेल लागतो. १३ नंबरची पट्टी केशरी, ६७५ ची निळी. पट्टी काढली की सेल सुरू होतो आणि मशीन बंद ठेवलं तरी झिजत राहतो, म्हणून लागेल तेव्हाच पट्टी काढायची. तो नंबर गावातल्या मेडिकलवर मिळतो का, हे मशीन घेण्याआधी जाऊन बघा.