तोबरा किती भरावा?

शिगम्यात सत्तरी-डिचोलीत घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी तोंडाचा घोडा बांधून, हातात तलवार घेऊन गडी ढोल-ताशांवर नाचतात. या घोड्याची एक सोय आहे, त्याला चंदी लागत नाही! हौसेने घरी खरा घोडा बाळगणारी काही मंडळी त्याला जे चारतात ते पाहिले की वाटते, यांनी लाकडाचाच आणला असता तर बरे झाले असते.

लाड तसे जुनेच आहेत. विजयनगरच्या काळात अरबी घोडे आमच्या गोव्याच्या बंदरात उतरत. १५१० नंतर पोर्तुगीजांनीही या व्यापाराची जकात हातची सोडली नाही. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नर, बिदर फिरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथले घोडे हरभरे आणि गोड खिचडी खातात असे लिहून गेला. त्याआधी मार्को पोलोने दक्षिणेत घोड्यांना भाताबरोबर शिजवलेले मांस देतात, आणि निगा कळत नसल्याने ते मरतात, अशी नोंद केली होती.

घोडा म्हणजे गाय नव्हे. तो रवंथ करत नाही. त्याचे पोट लहान, गवत पचते ते मागच्या मोठ्या आतड्यात. म्हणून थोडे थोडे, दिवसभर खाणे हा त्याचा धर्म. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा हा साधा हिशेब, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो. चंदी कामाप्रमाणे. दारात नुसत्या उभ्या असलेल्या घोड्याला ती जवळजवळ नकोच. पण आपण काय करतो? उरलेला भात, पोळ्या, वर गुळाचा खडा. धान्य एकदम जास्त गेले की पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होतो, आणि जनावर कायमचे लंगडू शकते. भाताचा नुसता कोंडा रोज दिला तर कॅल्शियम कमी पडून हाडे ठिसूळ होतात. वाळपईच्या पावसात बुरशी धरलेले गवत तर त्याच्यापुढे टाकूच नये.

‘कसा गुबगुबीत झालाय!’ हे कौतुक मला पटत नाही. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. मानेवर चरबीची वळी आली तर चंदी बंद करावी, चारा मोजून द्यावा, पण उपाशी ठेवू नये. लठ्ठ घोडा एकदम उपाशी राहिला तर चरबी रक्तात उतरून जिवावर बेतते. आणि फिरवावा. भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला, या कोड्याचे उत्तर शाळेत सगळ्यांनीच पाठ केले आहे.

वजनकाटा नसला तरी टेप असते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावा, ११,८८० ने भागावे. घेर आणि लांबी दोन्ही १५० आली तर सुमारे २८४ किलो. कारकुनाची सवय म्हणा हवी तर, पण दर पंधरवड्याला तारीख घालून हे वहीत उतरवावे. रोज पाहणाऱ्याला मान जाड झालेली दिसत नाही. जनावरांचा डॉक्टर आला की ती वही त्याच्यापुढे ठेवावी.