औषध नव्हे, विष!

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला घरी गेलो, की मी आधी वावरात चक्कर मारतो. या खेपेला गहू ओंबीवर होता आणि बांधाला उंदरांची बिळंच बिळं. घरी परतलो तर दादा ओट्यावर बसून ‘उंदराचं औषध’ कालवत होते. तेही स्वयंपाकघरातल्या परातीत. वहिनींनी काळजीनं विचारलं, ‘‘भाऊजी, हे वावरात टाकलं तर गव्हात नाही ना उतरणार?’’

प्रश्न रास्त आहे. दादांकडची काळपट भुकटी झिंक फॉस्फाईडची होती. ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल आणि २ भाग भुकटी, असं हे आमिष. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी गाठ पडताच त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ओल्या मातीतही तेच घडतं, पण हळूहळू. वायू निघून जातो; मागे थोडं जस्त आणि फॉस्फेट उरतं. तेव्हा बिळात नीट टाकलेलं विष दाण्यात उतरेल, ही धास्ती फारशी नको. मात्र ते उघड्यावर फेकलं, तर मळणीच्या धान्यात मिसळू शकतं.

ब्रोमॅडिओलोन हे दुसरं विष मातीच्या कणांना जास्त दिवस चिकटून राहतं. मुळांवाटे ते सहसा वर चढत नाही. पण उंदराच्या यकृतात साठतं. तो उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडालाही ते बाधतं. म्हणजे फुकटचा राखणदार आपणच गमावतो!

खरा धोका आहे तो त्या परातीत. उद्या तिच्यातच कणीक मळली जाईल. उरलेली पुडी फडताळात, पोरांच्या हाताशी राहील. आणि झिंक फॉस्फाईडवर नेमका उतारा अजून नाही.

दादांना म्हटलं, संध्याकाळी बिळं लिंपा. सकाळी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच आमिष टाका. जुना डबा वेगळा ठेवा, काठीनं कालवा, हात कोरडे ठेवून हातमोजे घाला. मेलेले उंदीर खोल पुरा. पुडी कुलपात ठेवा.

दादांनी परात वावरातल्या कामासाठी कायमची बाजूला काढली. वहिनींनी नातवाला जवळ घेऊन बजावलं, ‘‘ते औषध नाही रे बाळा, विष आहे.’’ घराघरांत एवढा शब्द बदलला, तरी पुष्कळ झालं.