विश्लेषण : एका स्विचमुळे विमानातील हवेचा दाब कसा बिघडतो?

मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात २० सप्टेंबर २०१८ रोजी काही प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त येऊ लागले. ऑक्सिजन मास्क खाली आले आणि विमान मुंबईला परतले. विमानात १६६ प्रवासी होते. सुमारे ३० जणांना त्रास झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) सांगितलेले कारण साधे होते : वैमानिक ‘ब्लीड’ स्विच चालू करायला विसरले.

हा स्विच काय करतो?

बोइंग ७३७ सारख्या विमानात इंजिनातील दाबलेली हवा केबिनमध्ये आणली जाते. तिलाच ‘ब्लीड एअर’ म्हणतात. विमान ३५ हजार फुटांवर असले, तरी केबिनमधील दाब साधारण आठ हजार फुटांवरील हवेइतका राखला जातो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे तिथल्यापेक्षा हवा थोडी विरळ, पण सोसवणारी. स्विच बंद राहिला, तर विमान जसजसे वर जाते, तसतसा आतला दाबही घटत जातो.

देखभालीशी याचा संबंध काय?

जयपूरच्या विमानात चूक कॉकपिटमध्ये झाली. पण अशी चूक जमिनीवरही सुरू होऊ शकते. सायप्रसच्या हेलिओस एअरवेजच्या विमानात दारातून आवाज येत असल्याची तक्रार होती. म्हणून उड्डाणापूर्वी अभियंत्यांनी केबिनमध्ये दाब भरून गळती तपासली. त्यासाठी दाब नियंत्रणाचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्यावा लागतो. तपासणी झाली, पण स्विच ‘मॅन्युअल’वरच राहिला. १४ ऑगस्ट २००५ रोजी ते विमान ग्रीसमध्ये कोसळले. सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले.

चूक कुणालाच कशी दिसली नाही?

उड्डाणापूर्वी, इंजिन सुरू झाल्यावर आणि उड्डाणानंतर अशा तीन टप्प्यांवर ती पकडता आली असती. पण रोज ‘ऑटो’वरच दिसणाऱ्या स्विचकडे पाहताना डोळे सवयीने ‘ठीक’ म्हणून मोकळे होतात. पुढे धोक्याचा भोंगा वाजला, तोही चुकीचा समजला गेला. कारण उड्डाणापूर्वीच्या वेगळ्या इशाऱ्याचा आवाजही तसाच होता. ऑक्सिजन कमी पडला की विचारशक्ती मंदावते, आणि ती मंदावल्याचे त्या माणसाला कळत नाही.

मग उपाय काय?

हेलिओसनंतर या विमानांत दाबाच्या इशाऱ्यासाठी स्वतंत्र दिवे बसवण्यात आले. पण मूळ उपाय शिस्तीचा आहे. तपासणीसाठी हलवलेला प्रत्येक स्विच पूर्वस्थितीत आणणे, त्याची नोंद करणे आणि वैमानिकांनी यादी पाठ म्हणण्याऐवजी स्विचवर नजर ठेवून वाचणे. गळती सापडली नाही म्हणजे काम संपले, असे नव्हे. विमान उड्डाणायोग्य स्थितीत परत आले की ते संपते.

प्रवाशांनी काय करावे?

मीरा रोड-भाईंदरहून पहाटे विमानतळ गाठणाऱ्याला रात्री विमानावर काय काम झाले, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्याच्या हाती एवढेच : मास्क खाली येताच आधी स्वतः लावा, मग मुलांना लावा. ३५ हजार फुटांवर शुद्धीत राहून काही करायला मिणमिणता एखादाच मिनिट मिळतो. पट्टा बांधून बसा. वैमानिक विमान वेगाने दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतात, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो.