सांडव्याखालची घरं

माझी मावशी नागपुरात अंबाझरी लेआउटमध्ये राहते. वय 81. गुडघ्यांमुळे जिना चढणं कधीच सुटलं, म्हणून बंगल्याची वरची खोली बंद आणि सगळा संसार तळमजल्यावर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पाणी घरात शिरलं, तेव्हा तिला पलंगावरून उचलून वर न्यायला शेजारची दोन मुलं धावून आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता आणि अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडून वाहत होता. त्या पुरात शहरात जे जीव गेले, त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या.

आता त्या गल्लीतला तिसरा बंगला पडतो आहे. तिथे फ्लॅट स्कीम येणार. मावशीकडेही बिल्डर येऊन गेला. "देऊन टाकू का रे प्लॉट?" तिने मला विचारलं. या स्तंभात मी इतकी वर्षं शहरातल्या पाण्यावर लिहितो, पण या प्रश्नाला पटकन उत्तर देता आलं नाही.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसाला लिफ्ट हवी, शेजार हवा. रात्री दार वाजलं तर खाली चौकीदार असलेला बरा. पण शेजारच्या स्कीमने काय केलं ते पाहा. आधी जोतं तीन-साडेतीन फूट उचललं. विहीर मलब्याने बुजवली, कडुलिंब काढला आणि कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत काँक्रीट ओतलं. समोरचा सिमेंट रस्ता आधीच अंगणाहून उंच झालेला. म्हणजे त्या प्लॉटमध्ये जे पाणी पूर्वी मुरत होतं, ते आता मावशीच्या अंगणात उतरतं. एकाचा पुनर्विकास झाला आणि पूर शेजारणीच्या वाट्याला गेला.

आणि जे वर राहायला गेले, ते तरी सुरक्षित आहेत का? खाली मोकळं पार्किंग ठेवलं की पाणी निघून जातं, हे खरं. पण विजेचे मीटर, जनरेटर आणि पाण्याचा पंप त्याच पार्किंगमध्ये असतात, लिफ्टचा खड्डाही तिथेच. फूटभर पाणी आलं की लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजन लागला तर कोण वर नेणार?

ज्येष्ठांच्या निवासासाठी 'महारेरा'ने 2024 मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. व्हीलचेअर जाईल अशी 900 मिलिमीटरची दारं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरश्या. चांगलं काम आहे. पण ती लागू होतात ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना. अंबाझरीच्या खालच्या बाजूला अख्खा लेआउटच म्हातारा झाला आहे, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. इथली साधी फ्लॅट स्कीमही प्रत्यक्षात ज्येष्ठांचंच घर असते. तलावाचीही तीच गत. 2017 च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आहेत आणि अंबाझरी तर 1870 च्या सुमारास शहराला पाणी पाजायलाच बांधलेला. पुरानंतर रहिवाशांनाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं, तेव्हा कुठे सांडव्याजवळच्या बांधकामांची चर्चा सुरू झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की सांडव्याखालच्या वस्तीत एकेका प्लॉटचा नकाशा सुटा मंजूर करू नये. आधी पूर्ण गल्लीची पातळी मोजावी, पाणी कुठून येतं आणि नाल्याला कुठे मिळतं ते कागदावर आणावं, मग जोत्याची उंची ठरवावी. जोतं तीन फूट उचलायचं तर 1:12 उताराने 36 फूट लांबीचा रॅम्प लागतो. तेवढी जागा नकाशात दाखवली नसेल, तर तिथे व्हीलचेअर पोचणार नाही, हे मंजुरी देणाऱ्याला आधीच कळायला हवं. तळघर इथे नकोच. मीटर आणि जनरेटर पहिल्या मजल्याच्या पातळीवर न्यावेत. बंगल्याची जुनी विहीर उपसून गच्चीचं पाणी तिच्यात सोडावं. अंगणात माती राहू द्यावी. चालण्यापुरती सपाट, न घसरणारी वाट केली की म्हाताऱ्यांचं भागतं. पन्नास वर्षांवरचं झाड 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने वारसावृक्ष ठरतं. त्याच्याभोवती इमारत वळवता येते, आर्किटेक्टने मनावर घेतलं तर.

मावशीला मी शेवटी सांगितलं, इतक्यात सही करू नकोस. शेजारच्या चार घरांना बरोबर घे, पाचही प्लॉटचा एकच नकाशा मागा आणि विहीर, झाड, रॅम्प, मीटरची जागा करारात लिहून घ्या. तलावाखाली राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझी हीच विनंती आहे. बिल्डरला कोणीही एकट्याने भेटू नका.